चमच्याची दुसरी बाजू

१

बहरीनच्या हमद टाउनमध्ये घराचा पत्ता सांगायचा तर गोलचक्कराच्या नंबरावरून सांगतात. शरीफुन्निसाच्या घराचा पत्ता सांगताना मात्र ओळखीची माणसं नंबराच्या भानगडीत पडत नसत. "झाडांना पाट्या लावल्यात ना, ता घर," एवढं म्हटलं की काम भागायचं.

पाट्या म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या, दह्याच्या डब्याची झाकणं, प्लास्टिकचे चमचे, हाताला लागेल ते. त्यावर जाड पेनाने नाव लिहिलेलं असायचं. मोगरा, अबोली, आळू, शेवगा. कढीपत्त्याला कढीपत्ता म्हणून सांगायला पाटी कशाला लागते, असं तिचा नवरा इक्बाल नेहमी विचारायचा. "नाव नसलेला झाड म्हणजे दारात उभा राहिलेला अनोळखी माणूस," ती म्हणायची, "आत घ्यायचा का भायेर ठेवायचा, कळायला नको?"

आता गंमत अशी, की साऱ्या बागेची नावं घेणाऱ्या या बाईने नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. दापोली तालुक्यातल्या त्यांच्या गावात लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूने बजावलं होतं, नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. सासू गेली, गाव मागं पडलं, बहरीनमध्ये संसार जुना झाला, तरी शरीफुन्निसाची जीभ काही धजावली नाही. हाक मारायची तर "अवो". लांब असला तर "आकिबचे अब्बा". बँकेत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तर ती मुकाट त्याचं कार्ड पुढं सरकवायची. ते नाव तिने लग्नातल्या साडीसारखं कधी न वापरता जपून ठेवलं होतं.

तिची दुसरी सवय पाण्याची. माहेर खाडीकाठचं. उन्हाळ्यात गोड पाण्याचा हंडा आणायला लहानपणी लांबलांब चालत जावं लागे, त्यामुळे पाणी वाया गेलेलं तिला बघवत नसे. हमद टाउनच्या नळाचं पाणी झाडांना मानवत नव्हतं, आणि इकडे प्रत्येक एसीच्या नळीतून दिवसभर गोड पाणी गळत होतं. तिने प्रत्येक नळीखाली बादली नाहीतर कुंडी लावली. इक्बाल मआमीरच्या बाजूच्या एका कंपनीत फिटर होता. पाळीची नोकरी, रात्रपाळी करून आला की तो दिवसा झोपायचा. त्यामुळे त्याच्या खोलीचा एसी सगळ्यात जास्त चालायचा आणि त्याच्या नळीची धार सगळ्यात जाड होती. तिथं, त्याच्या खिडकीखाली, तिने सिमेंटची एक मोठी कुंडी ओढून नेऊन ठेवली. आधीच्या भाडेकरूंनी ती कोपऱ्यात टाकून दिली होती.

२

कुंडीतली माती दगडासारखी झाली होती. ती उकरताना आत एक पिवळा पडलेला प्लास्टिकचा चमचा सापडला. त्यावर कधीकाळी काहीतरी लिहिलेलं असावं, पण उन्हाने सगळं उडून गेलं होतं. आपल्यासारखीच कुणीतरी पाट्या लावणारी बाई इथं राहून गेली, या विचाराने शरीफुन्निसाला बरं वाटलं. तिने चमचा धुतला आणि काड्यांच्या डब्यात टाकला. कोकणातली बाई काही फेकत नाही.

कुंडीत तिने पुदिना लावला. पुदिना आला नाही. दुसरंच काहीतरी आलं.

जाड, सरळ, केसाळ देठ. पानं थोडी, जाडसर. ऑगस्टमध्ये, जेव्हा बहरीनमध्ये बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, तेव्हा एका सकाळी त्याला फूल आलं. तळहाताएवढं, दुधाच्या चहाच्या रंगाचं, पाकळ्या कानाच्या पाळीसारख्या मऊ आणि जाड. वास मुळीच नाही. शरीफुन्निसाने नाक अगदी आत घातलं, तरी नाही.

शेजारची जुबैदा म्हसळ्याकडची. तिने कुंपणावरून बघून जास्वंदीचा प्रकार ठरवला. व्हॉट्सअॅपच्या बायकांच्या ग्रुपवर एकीने ऑर्किड सांगितलं, दुसरीने प्लास्टिक. बुदय्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीवाल्याने फोटो बराच वेळ पाहिला आणि "मफी मालूम", माहीत नाही, म्हणून फोन परत दिला. झाडं ओळखणारं अॅप तर चित्र पुन्हा काढा, पुन्हा काढा, एवढंच म्हणत राहिलं.

म्हणून ती पुन्हा फोटो काढायला गेली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. कॅमेरा फुलासमोर धरला की स्क्रीनवर पिवळा चौकोन यायचा. माणसाच्या तोंडावर येतो तो. तिने फोन मोगऱ्याकडे वळवला, चौकोन गेला. पुन्हा फुलाकडे आणला, चौकोन आला आणि फुलाच्या मधोमध जाऊन बसला.

उन्हानं फोन तापला असेल, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि तो ओढणीत गुंडाळून आत आली.

"ही कुंडी कुणाची होती गो?" तिने संध्याकाळी जुबैदाला विचारलं.

"तुज्या आधी राहत होती तिची. ती एकटीच गेली गावाला."

"नवरा नव्हता?"

"होता ना. असणारच." जुबैदा थबकली. "रोज सलाम करायचा असणार, नाय? पण कसा होता ता आठवतच नाय. नाव पण नाय आठवत. वय झाला माजा, दुसरा काय!" आणि ती हसली, म्हणून शरीफुन्निसाही हसली.

३

त्याच सुमाराला इक्बालची थोरली बहीण, हुस्ना आपा, व्हिजिट व्हिसावर आली. आई शेतात राबायची तेव्हा तिनेच इक्बालला वाढवलं होतं आणि अजून ती त्याला "बाबू" म्हणायची. आल्याआल्या तिने सगळ्या बागेच्या पाट्या वाचल्या आणि नेमकं त्या कुंडीशी येऊन विचारलं, "हेचा नाव काय?"

शरीफुन्निसाचा चेहरा पडला. साऱ्या बागेत ते एकच झाड बिनपाटीचं होतं, आणि ते नणंदेच्या नजरेत भरावं!

इक्बाल तेव्हा रात्रपाळीहून येऊन पायरीवर चहा पीत बसला होता. त्याच्या तोंडात नेहमीसारखी लवंग होती. "अगो, दिवसा झोपतंय, माज्या खोलीचा पाणी पितंय, कुणाशी बोलत नाय," तो म्हणाला. "माजाच नाव लाव त्याला. यल्ला, खलास!"

आपा हसली. शरीफुन्निसालाही हसू आवरेना. तिने डबा उघडला. हाताला तो जुना चमचा लागला. उडालेल्या अक्षरांची बाजू मागे केली, कोरी बाजू पुढे घेतली आणि पेनाने ठळक लिहिलं, इक्बाल. लिहायला काही हरकत नव्हती, लिहिणं म्हणजे काही नाव घेणं नव्हे. तिने चमचा देठाशी मातीत खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत कुणी नव्हतं. तिने बादलीतलं पाणी ओतलं आणि सहज तिच्या तोंडून निघालं, "काय रे इक्बाल, तहान लागली?"

ती दचकली. इकडेतिकडे बघितलं. आपा आत होती, जुबैदाचं दार बंद होतं. मग तिने ते नाव पुन्हा घेतलं, हळू, जीभ टाळूला लावून. इक्बाल. तिला इतका आनंद झाला की तिच्या गालांवर ऊन चढलं. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं नाव आता दाताला, ओठाला लागत होतं. आपण कुठं नवऱ्याला म्हणतोय, झाडाला तर म्हणतोय, त्यात कसलं आयुष्य घटतंय?

मग रोजचंच झालं. इक्बाल, जरा सरक, उन्हाला ये. इक्बाल, कीड तर नाही ना लागली. फूल कोमेजलं नाही, गळलंही नाही. उलट ती हाक मारी त्या बाजूला ते वळून बसायला लागलं. झाडं उन्हाकडे वळतातच, तिने मनाशी म्हटलं. ऊन मागच्या बाजूला होतं, हे तिने मनावर घेतलं नाही.

एके दिवशी तिने वाकून वास घेतला. फुलाला लवंगेचा वास येत होता.

४

इक्बालचं घोरणं हा त्या घरातला जुना विषय होता. त्यावरून भांडणं झाली होती, मस्करी झाली होती, एकदा तर वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने भिंत ठोकली होती. ते घोरणं बंद झालं. शरीफुन्निसाने पहिले काही दिवस अल्लाचे आभार मानले आणि शांत झोपली.

मग इक्बाल कामावरून वैतागून आला. कंपनीच्या गेटवर तोंड बघून दार उघडणारं मशीन होतं, ते त्याला ओळखेना. त्याच्या मागचे सगळे आत गेले आणि हा तोंड पुढं करून उभा. शेवटी पहारेकऱ्याने कार्ड बघून सोडलं, पण कार्डावरचा फोटो आणि हा, असं दोनदा पाहून सोडलं.

"दाढी वाढलीय तुमची," ती म्हणाली.

"दाढी कालच केली." त्याचा आवाज बसल्यासारखा झाला होता. "उद्यापण असाच झाला तर सुपरवायजर बोल्लाय, घरी पाठवीन."

तिने त्याला आल्याचा काढा दिला. तो प्यायला आणि खोलीत जाऊन झोपला. एसी चालू झाला, खिडकीखाली धार पडायला लागली. पाण्याच्या त्या आवाजाने तिला का कुणास ठाऊक, बरं वाटेना.

शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी पुण्याहून आकिबचा व्हिडिओ कॉल आला. तो तिथं इंजिनियरिंगला होता. आई मराठीत बोलायची, तो अर्ध्या इंग्रजीत उत्तर द्यायचा, हे दोघांनाही अंगवळणी पडलं होतं. इक्बाल मागच्या सोफ्यावर बसून खुबूसची रोटी आणि मटण खात होता.

"अम्मी," आकिब आवाज खाली आणून म्हणाला, "हू इज दॅट?"

"कोण?"

"बिहाइंड यू. सोफ्यावर. गेस्ट आलेत का?"

तिने मागं वळून पाहिलं. इक्बालने मान वर केली नव्हती. हातातला तुकडा रश्श्यात बुडवून तो तसाच थांबला होता.

"अरे अब्बा आहेत तुझे!" ती जोरात म्हणाली.

आकिबने तोंड स्क्रीनजवळ आणून पाहिलं. मग म्हणाला, "ओह. सॉरी. नेटवर्क असेल." नेटवर्क चांगलं होतं. आकिबच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखासुद्धा तिला वाचता येत होत्या.

५

शुक्रवारी सकाळी तो आठवड्याची शेवटची रात्रपाळी करून आला, कुणाशी न बोलता झोपला. आपा कुराण वाचत बसली. शरीफुन्निसा बागेत कपडे वाळत घालत होती. ऊन पांढरं झालं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, फक्त एसींची घरघर होती.

त्या घरघरीत तिला ओळखीचा आवाज आला. एक लांब खेच, मधे अडखळणं, मग शिट्टी. पुन्हा खेच, अडखळणं, शिट्टी. इतकी वर्षं ज्या आवाजाने तिची झोप मोडली, तो तिने लाखात ओळखला असता. इक्बाल घोरत होता.

चला, आला बाई पूर्वपदावर, असं वाटून तिला हसू आलं. तिने ओली लुंगी झटकली. मग तिच्या ध्यानात आलं की आवाज खिडकीतून येत नाहीये. खिडकीची काच बंद होती. आवाज काचेच्या अलीकडून, खालून येत होता.

ती कुंडीपाशी गेली. फुलाच्या पाकळ्या खेच आली की आत जात होत्या, शिट्टी झाली की बाहेर येत होत्या.

वारा असेल, तिने म्हटलं. वारा नव्हता. वाळत घातलेली लुंगी सरळ खाली लोंबत होती.

ती धावत आत गेली. इक्बाल पाठीवर झोपला होता, तोंड किंचित उघडं. तिने त्याच्या छातीवर कान ठेवला. श्वास होता, पण इतका बारीक, की नळीतून पाणी ठिबकल्यासारखा. हा जो श्वास सोडतो त्याचंच पाणी होऊन एसीतून बाहेर पडतं, असा एक वेडा विचार तिच्या मनात आला. मी तेच रोज त्या झाडाला पाजलं. आणि नाव घेऊन पाजलं.

तिने बाहेर जाऊन नळी कुंडीतून ओढून काढली आणि लांब फेकली. फुलाला काही झालं नाही. मग तिने दोन्ही हातांनी देठ धरला. देठ कोमट होता. तिने दात आवळून तो वाकवला.

आत इक्बाल किंचाळला.

ती परत गेली तेव्हा तो उठून बसला होता, दोन्ही हात गळ्याशी. "मान," तो म्हणाला. "कुणीतरी मान धरली माजी." एवढं बोलून तो पुन्हा आडवा झाला. शरीफुन्निसाने झाडांची कात्री हातात घेतली. उपटायचं नाही, कापायचं नाही, एवढं तिला कळलं. मग करायचं काय, ते कळेना. नवरा डोळ्यांदेखत चालला होता आणि तिच्या हातात कात्री असून उपयोग नव्हता.

६

जुम्माच्या नमाजाची वेळ होत आली. एरवी इक्बाल कसाही दमलेला असो, जुम्मा चुकवायचा नाही. आपा त्याला उठवायला गेली आणि लगेच परत आली. तिने पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता, परक्या पुरुषासमोर घेते तसा.

"शरीफा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आत पाव्हणा कोण झोपलाय? आणि बाबू कवाचा भायेर गेला?"

जिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं, ती विचारत होती.

ती खोलीत गेली. पलंगावर एक माणूस झोपला होता. अंगावर इक्बालचा बनियन होता, उशाशी इक्बालचं घड्याळ होतं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नाक होतं, डोळे होते, मिशा होत्या. पण कुणाच्या होत्या? बसमध्ये समोर बसलेल्या माणसाकडे आपण पाहतो आणि उतरल्यावर त्याचं तोंड आठवत नाही, तसं ते तोंड होतं. ती पाहत होती आणि पाहता पाहता ते तिच्या हातून निसटत होतं. घाबरून तिने डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांपुढेही नवऱ्याचा चेहरा येईना.

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर काहीतरी टेकलं.

देठ इतका उंच कधी झाला होता? फूल काचेला लागलं होतं, आत वळून. काचेवर वाफ धरत होती आणि विरत होती, धरत होती आणि विरत होती.

तिने कधी केलं नव्हतं ते केलं. पलंगाकडे वळून, नवऱ्याकडे बघून, तिने मोठ्याने हाक मारली, "इक्बाल!"

पलंगावरचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. आवाज खिडकीतून आला. बसका, झोपेतला, लवंग तोंडात धरलेला.

"हां. आलो."

७

तिने झटक्यात पडदा ओढला आणि खिडकीकडे पाठ करून पलंगावर बसली. तिचं डोकं एकाएकी थंड झालं. ती अनोळखी रोप हातात आलं की होते तशी झाली. दोन रोपं सारखी दिसली तर काय करायचं? फुलावर जायचं नाही. फूल फसवतं. पान बघायचं, देठ बघायचा, चुरगळून वास घ्यायचा. एकेक खूण धरत जायचं.

तिने त्या माणसाचा उजवा हात उचलला. अंगठ्यावर भाजल्याचा डाग. "हा आकिब झाला तवाचा," ती म्हणाली. "मी बाळंतीण, तुमाला पेज करायची हौस. टोप हातानं उचललात." हात थोडा ऊन झाला. तिने त्याची हनुवटी वर केली. खाली, दाढी करताना नेहमी राहून जाणारे चार केस. "हे कालही राहिले. आयुष्यभर सांगते, मान वर करून दाढी करा." मग कानामागचा तीळ. मग डाव्या पायाचं वाकडं बोट. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा, त्या तर तिच्याकडे ढिगाने होत्या. साखर बंद म्हणून सांगतो आणि कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून गपचूप बिस्किटं आणतो. विमान उडताना माझा हात धरतो आणि भीती मलाच वाटते म्हणून सांगतो. आई गेली तेव्हा रजा मिळाली नाही, तेव्हा न्हाणीघरात नळ सोडून रडला आणि मला कळलं नाही असं त्याला अजून वाटतं.

"हे सगळे माज्या इक्बालचे," ती म्हणाली. ती आता रडत होती आणि नाव घेत होती. "इक्बाल. इक्बाल. उठा."

उशीवरच्या तोंडात हळूहळू तिचा नवरा परत यायला लागला. आधी भुवया, मग ओठांची ती वाकडी कड. पण प्रत्येक हाकेला पडद्यामागून "हां, आलो" येतच होतं, आणि प्रत्येक वेळी ते अधिक जवळून येत होतं. काच कुरकुरली.

नुसती खूण पटवून भागणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं. बाहेर जो उभा आहे, त्याला आपणच हे नाव दिलंय. त्याच्याकडे दुसरं नाहीच, मग तो ते सोडेल कशाला? बिनपाटीचं झाड. दारातला अनोळखी माणूस. आणि मग तिला चमचा आठवला. त्याला दुसरी बाजू होती.

ती अनवाणी धावली. लादी तव्यासारखी तापली होती. तिने फुलाकडे न बघता, हात लांब करून, मातीतला चमचा खेचून काढला आणि उलटा केला. पिवळं, कोरं प्लास्टिक. शाई कधीच उडाली होती. पण लिहिणारीने पेन दाबून लिहिलं होतं. उन्हात तिरका धरला तसे चरे उठून दिसले. उर्दू अक्षरं. लहानपणी मदरशात बसून घोकलेली ती अक्षरं तिने बोट फिरवत जुळवली.

तिच्या डोक्यावर सावली पडली. लवंगेचा वास नाकात शिरला.

तिने मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. पाकळ्या पूर्ण मागं गेल्या होत्या आणि मधे जे होतं, त्याचे डोळे मिटलेले होते. पापण्या हलायला लागल्या होत्या. त्या उघडायच्या आत बोलायला हवं, एवढंच तिला कळलं.

"तू इक्बाल नाय!" ती ओरडली. "इक्बाल माजा नवरा. आत झोपलाय. तू जमालुद्दीन! ऐकलास? तुजा नाव जमालुद्दीन हाय!"

एसींची घरघर तेवढी राहिली. मग समोरून एक उसासा आला, कामावरून आलेला माणूस बूट काढताना टाकतो तसा. पापण्या थांबल्या. पाकळ्या एकेक करून सुटल्या आणि तिच्या पायांवर पडल्या, कोमट, कानाच्या पाळीसारख्या. देठ वाळून खाली बसला.

आणि आतून, पडद्यामागून, भिंत हादरवणारं घोरणं आलं. खेच, अडखळणं, शिट्टी.

८

घोरणं मधेच तुटलं. "शरीफा!" इक्बालची हाक आली, आवाज चांगला खणखणीत. "अगो, माजा नाव घेऊन कोण बोंबलतंय भायेर? जुम्मा चुकला की काय?"

हुस्ना आपा दारात उभी होती, गालावर हात ठेवून. "तोबा तोबा! भर दुपारी, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा नवऱ्याचा नाव! बाबूचा आयुष्य घटेल गो!"

"घटला तर माज्यातला घ्या," शरीफुन्निसा म्हणाली. तळपाय भाजले होते, ओढणी कुठंतरी पडली होती, केसांत माती होती, आणि बहरीनमध्ये आल्यापासून ती इतकी खूश कधी नव्हती. लढाई जिंकून आल्यासारखी ती दोन पायऱ्या चढली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसली. तो गोंधळून विचारत राहिला, काय झालं, काय झालं. तिने फोन काढला आणि त्याच्यासमोर धरला. पिवळा चौकोन आला आणि त्याच्या नाकावर ठाण मांडून बसला. तिने धडाधड फोटो काढले, हनुवटीखालच्या चार केसांसकट.

पुढच्या पाळीला गेटच्या मशीनने त्याला पहिल्या झटक्यात आत घेतलं. आकिबचा कॉल आला तेव्हा त्याने आधी, "अब्बा, यू लुक सो फ्रेश!" म्हटलं. आपाने जाताना तीनतीनदा नजर उतरवली, पण भावाचं आयुष्य घटल्याची कसलीच चिन्हं तिला दिसली नाहीत. उलट तो बिस्किटं खाऊन जाडच झाला होता.

कुंडी शरीफुन्निसाने कुंपणापाशी हलवली. एसीचं पाणी आता तिला जात नाही. चमच्यावरचं नवऱ्याचं नाव तिने घासून काढलं, दुसऱ्या बाजूचे चरे पेनाने नीट गिरवले आणि चमचा मातीत परत खोचला. झाड नाही, पण पाटी आहे. जुबैदाने ती कुंपणावरून वाचली आणि हातातली पिशवी तिथंच खाली ठेवली.

"जमालुद्दीन," ती म्हणाली. "हां गो. तिचा नवरा. उंच होता. घड्याळ उजव्या हाताला घालायचा. सलाम करताना हसायचा." तिने पाटीवरून बोट फिरवलं. "मी कसा काय विसरले त्याला?"

शरीफुन्निसा आत गेली. तिला घरात काम होतं. आजकाल ती नवऱ्याला नावानेच हाक मारते, बाजारात, बँकेत, चारचौघांत, दाराच्या आत आणि बाहेर. इक्बाल, चहा झाला. इक्बाल, भाजी आणा. लोक हसतात, तिला त्याचं काही नाही.

फक्त हाक मारली की ती क्षणभर कान देऊन थांबते, उत्तरं किती येतात ते ऐकायला.

एकच येतं.